दोन झाकणं, तितकंच पाणी

मी पीत नाही, हे लातुरातल्या आमच्या गल्लीत, शाळेत आणि पाहुण्यांमध्ये सगळ्यांना माहीत आहे, आणि ते बरंचसं खरं आहे. आमच्याकडे स्थळाची चौकशी करताना मुलाबद्दल विचारतात, "सुपारीचं खांड तरी खातो का?" माझ्या वेळी सासऱ्यांनी तेही विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्या आईच्या गळ्यातली माळ बघितली आणि पुढचं बोलणं सुरू केलं. ज्या घरात माळ आहे त्या घरात दुसरं काही असेल असं कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही येत नव्हतं.

आईला आम्ही माय म्हणतो. कंधार तालुक्यातल्या आमच्या खेड्यात तिनं ऐन तिशीत तुळशीची माळ घातली. देवासाठी घातली, असं ती म्हणते. वडलांसाठी घातली, असं बाकीचे म्हणायचे. वडील शिंदी प्यायचे, आणि शिंदी नसली की मिळेल ते. घरात माळ आली म्हणजे चुलीवर मटण नाही आणि उंबऱ्याच्या आत बाटली नाही. वडलांनी ते मान्य केलं, म्हणजे पिणं शेतात नेलं. संध्याकाळी ते घराकडे वळले की माय भाकरी थापता थापता नाक वर करायची आणि म्हणायची, "आले. आज लई झालीया." ते अजून दिसतही नसायचे. हे मला पुढे फार आठवत राहिलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

वडील गेल्यावर माय आमच्याकडे लातूरला आली. मी शाळेत भूगोल शिकवतो. घरात बायको, मी आणि माय. मला अपचनाचा जुना त्रास. आमच्या वैद्यांनी त्यावर द्राक्षासव सांगितलेलं: जेवणानंतर दोन झाकणं, तितकंच पाणी. तपकिरी रंगाची ती बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर असते आणि गावाला जाताना माझ्या पिशवीत असते.

गेल्या वर्षी थंडी संपता संपता शाळेच्या कामासाठी नांदेडला गेलो आणि साडूंकडे मुक्काम केला. साडू माझ्याहून मोठे, रस्त्याची कामं घेतात. मेहुणी हिमायतनगरला एका लग्नाला गेलेली. दिवस मावळला तसे साडू मला गच्चीवर घेऊन गेले. तिथे आधीच दोन खुर्च्या, एक स्टूल, आणि स्टुलावर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.

"गुरुजी, आज तुम्हाला एक चीज दाखवतो. पोरानं बाहेरून आणली."

"साडू, मी घेत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"घ्या कोण म्हणून राहिलं? वास घ्या. वासाला माळ आडवी येत न्हाई." मग टॉवेल सोडता सोडता म्हणाले, "आन् माळ तुमच्या गळ्यात कुठाय? मायच्या गळ्यात हाय. त्या लातूरला, तुम्ही नांदेडला."

मी खुर्ची स्टुलाजवळ ओढली. खरं सांगायचं तर यावर उत्तर मी शोधलंच नाही.

बाटली अर्ध्याच्या वर भरलेली होती. साडूंनी मुलाकडून जे ऐकलं होतं ते सगळं त्यांना मला सांगायचं होतं. "ही व्हिस्की, सिंगल मॉल्ट. सिंगल मॉल्ट म्हंजे काय? एकाच भट्टीची."

"म्हणजे हातभट्टीच की."

"गप बसा. ऐका. ही काढली की लगेच पीत न्हाईत. लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवत्यात. आन् पिंपं कसली? ज्या पिंपात आधी गोड वाइन मुरवलेली असती, ती. द्राक्षाची, पाकासारखी गोड. ती काढून घेत्यात आन् तिच्या वासाच्या पिंपात ही भरत्यात."

"उष्ट्या पिंपात."

"तुम्ही मास्तर लोक चीज नासवता बघा," साडू म्हणाले, पण हसले.

मला मात्र ते लगेच कळलं होतं, आणि कळायचं कारण लातूरचं होतं. आमच्याकडे दारात पिंपं असतात. नळ कधी येईल याचा नेम नसतो. एका वाईट उन्हाळ्यात आम्ही एक जुनं निळं पिंप विकत घेतलं. त्यात आधी सरबताचा अर्क असायचा. चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, उन्हात पालथं घातलं. तरी त्या वर्षी आमचा चहा गुलाबाचा, वरण गुलाबाचं, आणि अंघोळ करून शाळेत गेलो तर पोरं विचारायची, "सर, लग्नाला चालले का?" पिंप आधीचं विसरत नाही. विकत घेणाऱ्यानं ते कितीही घासो.

साडूंनी दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली. रंग गडद, तांबूस, भिजत घातलेल्या खारकेच्या पाण्यासारखा. "आधी नाक. घाई न्हाई. काय येतंय सांगा."

मी नाक खाली नेलं आणि पटकन मागे घेतलं. झणका. पुन्हा नेलं. या वेळी झणक्याच्या मागून मनुके आले. मनुकेच, देवाच्या प्रसादातले नव्हेत, डब्यात राहून राहून चिकट झालेले. मग काकवी. मग संत्र्याची वाळलेली साल, आणि अगदी तळाशी जुनं लाकडी कपाट उघडल्यावर येतो तसा वास. हा वास मी ओळखत होतो. रोज जेवणानंतर तोच वास माझ्या नाकाखाली असायचा. पण इथे, गच्चीवर, काचेच्या ग्लासात, त्याचं नाव मला आठवेना. ओळखीचा माणूस परगावी भेटावा आणि नाव सुचू नये, तसं झालं.

"सांगा की."

"द्राक्षासव," मी म्हणालो.

साडू इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पोरगं म्हणतं अंजीर, म्हणतं अमकं-तमकं. आन् आमचे साडू म्हणत्यात द्राक्षासव!" मग त्यांनी स्वतः पुन्हा वास घेतला. "आयला, हाव की हो."

त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "दोन थेंब घाला. लातूरकराच्या हातात पाणी द्यायला भीती न्हाई. जपूनच घालणार."

मी थेंब घातले. आणि प्यालो. 'चाखली' असं लिहिणार होतो, पण प्यालो हेच खरं. आयुष्यात पहिल्यांदा नव्हे. कॉलेजात असताना याच नांदेडात एकदोनदा प्यालो होतो आणि दोन्ही वेळा ओकलो होतो. म्हणून मी तयारीत होतो. जीभ भाजली, ते ठाऊक होतं. पण भाजून झाल्यावर गोड लागलं, आणि त्याची मला काही तयारी नव्हती. गोड म्हणजे साखरेचं नव्हे. पुढच्या घोटाला तेच कडवट लागलं, आवळकाठी चघळल्यासारखं तोंड आवळलं, आणि गिळल्यावर बराच वेळ छातीत ऊब आणि जिभेवर मनुके. हे औषध आहे की नाही, मला ठरवता येईना. नशा म्हणावी तर ओकारी नाही, भीती नाही. वडलांच्या अंगाला जो वास यायचा, आंबट, कुबट, ज्याच्यामुळे मी लहानपणी त्यांच्या शेजारी झोपत नसे, त्यातलं इथं काहीच नव्हतं. मग ते जे प्यायचे ते काय होतं? आणि हे जे मी प्यालो ते काय आहे? दोन्हींना एकच शब्द कसा?

खाली जेवायला आलो. जेवण झाल्यावर मी सवयीनं पिशवीतून द्राक्षासवाची बाटली काढली. तळाशी दोन झाकणं उरलेली. साडूंनी माझ्या हातातली बाटली बघितली, आपली बघितली, आणि दोन्ही दिव्यासमोर शेजारी शेजारी धरल्या.

"गुरुजी, हे तर जुळे भाऊ!"

पुढचं कुणी सुचवलं ते मला नक्की आठवत नाही. साडू म्हणतात मी. मला वाटतं त्यांनी. बाटली धुतली मात्र मी. दोनदा धुतली. साडूंनी अर्धी माझ्या बाटलीत ओतली, उरलेली स्वतःला ठेवली, आणि सकाळी मी लाल बसनं लातूरला निघालो. मांडीवर पिशवी, पिशवीत बाटली, बाटलीवर वैद्यशाळेचं लेबल आणि द्राक्षाच्या घडाचं चित्र. अहमदपूरपर्यंत मी झाकण घट्ट आहे का ते हातानं चाचपत होतो.

बाटली घरी आणून मी नेहमीच्या फळीवर ठेवली. लपवली असती तर कुणीतरी शोधली असती. औषधाच्या बाटलीला कोण हात लावतं, असा माझा हिशेब. बायकोला वास येणं करोनात गेलं ते पुरतं परत आलंच नाही. आमटी करपली तर मी सांगतो तेव्हा तिला कळतं. तेही माझ्या हिशेबात होतं, हे लिहायला मला जड जातं, पण होतं.

मी त्यातली फार थोडी घेतली. रात्री जेवणानंतर सगळ्यांदेखत, दोन झाकणं, तितकंच पाणी. माय समोर बसलेली असायची. एकदा तिनं विचारलं, "गुण येऊन राहिला का रं?" मी म्हणालो, "हाव माय, बराच." ती म्हणाली, "मंग घेत जा."

माझ्या हिशेबात एक गोष्ट राहिली. आमच्या घरात औषध ज्याचं त्याचं नसतं. मायच्या गुडघ्याचं तेल माझ्या पाठीला, माझी पित्ताची गोळी बायकोला, बायकोचा खोकल्याचा पाक शेजारणीला. वैद्यानं एकाला सांगितलं म्हणजे घराला सांगितलं, अशी आमची रीत. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? मी याच रीतीत वाढलो.

परीक्षेच्या दिवसांत माझी नेमणूक देगलूरच्या केंद्रावर झाली. घरून निघालो तेव्हा माय तापातून उठलेली, अंगात काही राहिलं नव्हतं. अर्धी भाकरी दुधात कुस्करून दिली तरी ताट सारायची. "जेवण जात न्हाई" एवढंच म्हणायची. डॉक्टर म्हणाले, वय झालं, हळूहळू येईल. देगलूरहून मी रोज फोन करायचो. बायको सांगायची, आज जरा बरं. मग, आज आणखी बरं. आणि एकदा म्हणाली, "अहो, आत्याबाईंनी आज ज्वारीची अख्खी भाकरी आणि वांगं खाल्लं. वर ठेचा मागितला."

मला किती आनंद झाला. केंद्रावरच्या मास्तरांना मी चहा पाजला.

परत आलो तर माय दारात बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, आणि गल्लीतल्या बायकांना माहेरच्या गोष्टी सांगत होती. गालावर तजेला. मी आत जाऊन हातपाय धुतले, फळीकडे बघितलं, आणि बाटलीतली पातळी दिसली.

"तुमचं द्राक्षासव देते त्यांना," बायको पोळी लाटता लाटता म्हणाली. "भूक लागायला चांगलं असतं ना? दोन्ही वेळ दोन झाकणं. तितकंच पाणी. काय गुण आलाय बघा! तुम्हाला नवीन आणा आता."

मी बाटली फळीवरून उचलून उजेडात धरली. हसावं की काय करावं ते समजेना. माझ्या माळकरी आईला माझ्या बायकोनं, शुद्ध मनानं, देवापुढं दिवा लावून झाल्यावर, सकाळ-संध्याकाळ दारू पाजली होती. आणि तिला मानवली होती.

आता तरी सांगावं, असं वाटलं. पण कुणाला? बायकोला सांगितलं तर तिच्या हातून घडलं म्हणून ती मोडेल. मायला सांगितलं तर माळ. दोघींना न सांगता निस्तरता येईल असं वाटलं. मी बाजारात जाऊन खरं द्राक्षासव आणलं. बाटलीत उरलेली मोरीत ओतली, तोंड फिरवून. जिन्नस चांगला होता. बाटली धुवून तीत खरं भरलं.

संध्याकाळी मायनं पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"हे ते न्हाई."

"तेच आहे, माय."

"न्हाई बापा. हे पानचट हाय. ती दवा उतरताना आत दिवा लावत जायची." तिनं हातानं गळ्यापासून पोटापर्यंत रेघ काढली. बोटं माळेवरून गेली.

बायको ती बाटली घेऊन दुकानात जाऊन आली. दुकानदार म्हणाला, बाई, हीच कंपनी, हेच औषध. ती घरी येऊन माझ्यावर चिडली. "तुम्ही पहिलं कुठून आणलं होतं? नांदेडहून ना? मग तिथलंच आणा. इथं भेसळ करतात." मायचं जेवण पुन्हा कमी झालं. पहिल्यांदा एक भाकरी, मग अर्धी, मग दूध-भात, मग "असू दे". मी तिच्या ताटाकडे बघत जेवायचो. मोरीत ओतलं ते आठवायचो.

इथपर्यंत जे झालं ते चुकून झालं, असं मी म्हणू शकतो. यापुढचं नाही.

मी साडूंना फोन केला. सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग म्हणाले, "गुरुजी, माझ्याकडची अर्धी तशीच हाय. मी लावतच न्हाई तोंडाला. एकट्यानं काय मजा? न्या." मी म्हणालो, पण माय माळकरी आहे. साडू म्हणाले, "जेवत न्हाईत नव्हं त्या?"

मी नांदेडला गेलो. खोटं कारण सांगून गेलो. आणली, आणि त्याच द्राक्षासवाच्या बाटलीत भरली. आणि त्या संध्याकाळी बायकोच्या हातून पेला काढून घेऊन मी स्वतः दोन झाकणं मोजली, तितकंच पाणी घातलं, स्वतः मायच्या हातात दिलं. बायकोच्या हातून नको, एवढी एकच अक्कल मला सुचली. माय प्याली. डोळे मिटले. "ही ती," म्हणाली. त्या रात्री ती जेवली.

मी काय केलं होतं? आईला जगवत होतो की बाटवत होतो? तिचा नेम मोडत होतो हे नक्की. पण आपण काय पितोय हे ज्याला माहीतच नाही त्याचा नेम मोडतो का? वैद्यांच्या द्राक्षासवातही थोडं अल्कोहोल असतंच, हे मी कुठंतरी वाचलं होतं. मग रेघ नेमकी कुठं? आणि ज्या बाईला शिवेवरून नवऱ्याचा वास यायचा, तिला नाकाखालच्या पेल्यातला येत नव्हता? म्हातारपणी नाक मंदावलं असेल. किंवा हा वासच तिच्या ओळखीचा नसेल. तिनं दारू म्हणून फक्त आंबट वास ओळखला होता. किंवा. या 'किंवा'पुढे मी रोज अडायचो आणि रोज दोन झाकणं मोजायचो.

शेवट शेजारच्या आजींमुळे आला. त्याही माळकरी, मायच्या मैत्रीण. एका दुपारी त्या स्टीलची छोटी बरणी घेऊन आल्या. माय बाजेवर होती. मी शाळेतून नुकताच आलेलो.

"गुरुजी, तुमच्या मायला गुण आला ती दवा द्या की मला जराशी. माझंबी जेवण जाऊन नाही राहिलं."

"दे रं तिला," माय म्हणाली. "लई आहे फळीवर. आन् देवळातल्या बाईलाबी पायजे म्हणत होती. तिलाबी सांगितलं म्या."

मी म्हणालो, संपली. माय म्हणाली, सकाळी तर अर्धी होती. मी म्हणालो, ती जुनी झाली, देत नाहीत. माय म्हणाली, "आसव जुनं झालं की चांगलं आसतं, वैद्यच म्हणले होते." आजी बरणी पदरात धरून एकदा माझ्याकडे, एकदा मायकडे बघत राहिल्या. आपल्याला द्यायची नाही, एवढं त्यांना कळलं. "असू द्या बाई," म्हणाल्या आणि गेल्या.

मायचा चेहरा उतरला. "दोन झाकणं देयाला काय जात होतं रं तुझं? माझं तोंड खाली घालायला लावलंस."

मी बाजेच्या कडेला बसलो. तिच्यासमोरच्या सुपातली तूर निवडायला लागलो, म्हणजे बघायला कुठंतरी जागा मिळाली. आणि म्हणालो, "माय, ती दवा नव्हती."

"मंग?"

"दारू."

सुपातला तिचा हात थांबला नाही. एक खडा काढून तिनं बाजूला ठेवला.

"दवादारू म्हंत्यात की," ती म्हणाली. "एका दमात."

"चेष्टा नाही, माय. खरी दारू. नांदेडहून साडूंनी दिलेली. मी माझ्यासाठी आणली होती. हिला माहीत नव्हतं, तिनं औषध म्हणून दिली. मग मला कळलं. आणि कळल्यावर मी दिली. माझ्या हातानं."

तिनं सूप एकदा पाखडलं. मग विचारलं, "तुझा बाप पीत होता ती?"

"नाही. ही परदेशातली. द्राक्षाच्या पिंपात मुरवलेली."

"मंजी हिला वास न्हवता."

हे ती विचारत होती की सांगत होती, मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. मी म्हणालो, "माय, तुला कळलं होतं का?" तिनं माझ्याकडे बघितलं, लहानपणी ताप आहे का ते बघायची तसं, आणि सूप खाली ठेवलं. दोन्ही हातांनी माळ वर केली. ती अंबाड्यात अडकली, मग कानातल्या कुडीत अडकली. मी मदतीला हात पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला. माळ निघाली. तिच्या गळ्यावर एक फिकट पट्टा दिसला. तिथली कातडी मी कधी बघितलीच नव्हती.

"धर," ती म्हणाली. "म्या तुझी पिली नव्हं? आता तू माझी घाल."

मी हसलो. ती हसली नाही. मी म्हणालो, "माय, माळ अशी घालत नसतात. महाराजांच्या हातून घालतात. तू पुन्हा घालून घे, मी घेऊन जातो तुला."

"दारूबी अशी पाजत नसतात," ती म्हणाली.

तेवढ्यात बायको बाहेर आली आणि मायच्या गळ्याकडे बघून थबकली. "आत्याबाई, माळ कुठाय?"

"त्याला इचार."

तिलाही सांगितलं. तिथंच, उभ्या उभ्या. माय रागावली नव्हती, पण ही रागावली. मी पीत होतो म्हणून नव्हे. त्याबद्दल ती अजून एक शब्द बोललेली नाही. "दिवा लावून मग द्यायचे मी," एवढंच ती म्हणाली, पुन्हा पुन्हा, आणि रडली. "माझं नाक नाही हे तुम्हाला माहीत होतं." माहीत होतं.

माळ मी घातली नाही. माय पुन्हा घेईना. दोन दिवस ती माझ्या खिशात फिरली, शाळेत, बाजारात. मग मायनंच मागून घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन फळीवरच्या बाटलीच्या गळ्यात घातली. "तू घालंपर्यंत हिच्यापाशी राहू दे," म्हणाली. द्राक्षाच्या घडाचं चित्र, वैद्यशाळेचं नाव, आणि वर तुळशीची माळ. घरात माळकरी म्हणून तेवढी एक बाटलीच उरली. बायको तिकडं पाठ करून स्वयंपाक करायची. मी तिकडं बघायचो आणि मला हे शिक्षा वाटायचं, कधी चेष्टा वाटायचं, कधी वाटायचं की तिला आता काहीच वाटत नाही आणि तेच सगळ्यात वाईट.

काही दिवसांनी, संध्याकाळच्या जेवणाला बसलो होतो. मायनं दोन घास खाल्ले आणि ताट सारलं.

"जेवण जाऊन न्हाई राहिलं आज," ती म्हणाली. आणि फळीकडे बघितलं.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मायचा मोकळा गळा माझ्या समोर होता. नेम आता तिच्या गळ्यात नव्हता. मग ती मागत होती की मला पारखत होती? माळ काढली ती माझ्या पापासाठी की यासाठी? मी विचारणार होतो. पण ती नुसती बसली होती, हात मांडीवर ठेवून, तापातून उठली होती तेव्हा बसायची तशी. बायको खाली मान घालून म्हणाली, "द्या. उपाशी नका ठेवू त्यांना."

मी उठलो. बाटली खाली घेतली. झाकण उघडायचं तर आधी माळ काढावी लागत होती. काढली. झाकण घट्ट बसलेलं. एका हातानं फिरेना. दुसऱ्या हातात माळ. ओटा खरकटा, शेजारी कांद्याची टरफलं; तिथं तुळस ठेवता येईना. खिशात घालावी तर हात ओले. मी इकडं तिकडं बघितलं, आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून ती डोक्यावरून गळ्यात घातली. कानाला थोडी अडकली. मग दोन्ही हातांनी झाकण उघडलं.

मनुक्यांचा वास आला. काकवीचा. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, हेही लिहून टाकतो.

दोन झाकणं ओतली, तितकंच पाणी घातलं, आणि पेला मायच्या हातात दिला. तिनं पेल्यात बघितलं नाही. माझ्या गळ्याकडे बघितलं. मग प्याली, तोंड पुसलं, आणि ताट पुढे ओढून बायकोला म्हणाली, "वाढ गं. भाकरी वाढ. आन् त्यालाबी वाढ, उभा कामून राहिला?"

मी बसलो. माळ काढायची राहिली. अजून काढलेली नाही. काढली तर कुठं ठेवायची, ते मला ठरवता आलेलं नाही.